अक्षयनीवी

नवापूर हे महाराष्ट्राच्या अगदी उंबरठ्यावरचे गाव. रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात, तर दुसरा गुजरातेत. गावातून रंगावली वाहते आणि येथील तूरडाळीला भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. या डाळीच्या व्यापारात तीन पिढ्या घालवलेल्या एका जैन कुटुंबाने तीस-बत्तीस वर्षांपूर्वी बाजारपेठेत एक पाणपोई बांधली. घरातील कर्त्या पुरुषाने ती आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ बांधली होती. तेच गृहस्थ आज घरात सर्वांचे ‘दादाजी’ आहेत.

पाणपोईवर संगमरवरी पाटी आहे. तीवरील अक्षरे आजही ठळक आहेत. नळ मात्र तीनपैकी दोन निखळले आहेत आणि तिसऱ्याला पाणी येत नाही. उन्हाळ्यात पाड्यांवरून बाजाराला आलेली माणसे सावलीसाठी तिच्या कठड्यावर टेकतात आणि पाण्याची बाटली शेजारच्या दुकानातून विकत घेतात. दादाजी रोज त्याच रस्त्याने दुकानात जात असत. परंतु रोज दिसणारी गोष्ट माणसाला हळूहळू दिसेनाशी होते, तसे त्यांचे झाले होते. पाटी दिसत होती, कोरडा नळ दिसत नव्हता.

गेल्या वर्षी दादाजींच्या धर्मपत्नीचे निधन झाले. प्रथम पुण्यतिथीला त्यांच्या नावे काही सत्कार्य करावे म्हणून पाच लाख रुपये बाजूला काढण्यात आले. दोन्ही मुलांचा विचार स्पष्ट होता. बाजाराच्या तोंडाशी एक कोरीव प्रवेशद्वार उभारावे आणि त्यावर आईचे नाव असावे. आराखडा तयार झाला, कारागिराशी बोलणे झाले, पाटीचा मजकूरही ठरला. दादाजींनी होकार दिला नव्हता, पण नकारही दिला नव्हता. एवढ्यात नाशिकला जाण्याचा योग आला.

त्यांची नात नाशिकमध्ये सनदी लेखापालाच्या परीक्षेची तयारी करीत एका कार्यालयात उमेदवारी करते. आजीच्या जाण्यानंतर दादाजी प्रथमच तिच्याकडे राहायला गेले. पहिल्या दिवशी म्हसरूळजवळच्या गजपंथ सिद्धक्षेत्राचे दर्शन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीने पांडवलेण्यांचा विषय काढला.

“ती तर बौद्धांची लेणी. आपण तिथे जाऊन काय पाहणार?” दादाजींनी विचारले.

“दादाजी, तिथे भिंतीवर व्याजाचा हिशेब कोरला आहे. तुम्ही तो तपासून द्या,” नात म्हणाली.

व्याजाचा हिशेब म्हटल्यावर दादाजींनी काठी उचलली.

नाशिकच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटात चोवीस लेणी ओळीने कोरलेली आहेत. पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही. ती इसवी सनापूर्वीच्या काळापासून पुढे कित्येक शतके बौद्ध भिक्षूंसाठी कोरली गेली. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एका ठिकाणी राहावे, हा त्यांचा वर्षावास. आपल्या साधु-साध्वींचा चातुर्मास ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साजरा होतो, त्यांना या खोल्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पायऱ्या चढताना दादाजी तीनदा थांबले, पण परत फिरू या असे एकदाही म्हणाले नाहीत.

नातीने ब्रिटिश काळातील गॅझेटियरमधून लेखांची भाषांतरे उतरवून आणली होती. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या त्या ग्रंथातील या लेण्यांचे वर्णन जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सिद्ध केले होते. ब्राह्मी लिपीचे कोडे जेम्स प्रिन्सेप याने १८३७ च्या सुमारास उलगडले. त्यापूर्वी कित्येक शतके ही अक्षरे भिंतीवर होती, पण ती वाचणारा कोणी नव्हता. लिहिणाऱ्याने लिहून ठेवले, डोंगराने जपून ठेवले आणि वाचणारा आला तेव्हा हिशेब जसाच्या तसा हाती लागला.

तिसरे लेणे सर्वांत देखणे आहे. तेथे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आज्ञा कोरलेली आहे. त्याने आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी भिक्षूंना दोनशे निवर्तने जमीन दिली. ही जमीन पूर्वी उषवदाताच्या ताब्यात होती. सहा वर्षांनी त्याच भिंतीवर दुसरी आज्ञा कोरली गेली. ती राजा आणि राजमाता या दोघांच्या नावे आहे. दिलेले शेत कसले जात नाही, ते गावही वसलेले नाही, हे ध्यानात आल्यावर त्या बदल्यात नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीची शंभर निवर्तने जमीन देण्यात आली.

दादाजींनी हा भाग पुन्हा वाचायला सांगितला. दान दिल्यावर सहा वर्षांनी राजाने पाहिले, की दानाचे फळ घेणाऱ्याच्या पदरात पडते आहे की नाही. पडत नव्हते, म्हणून त्याने दान बदलून दिले. पहिल्या आज्ञेने राजाचा मान राखला होता. भिक्षूंचे पोट मात्र दुसऱ्या आज्ञेने भरले. नवापूरच्या पाणपोईचा कोरडा नळ दादाजींच्या डोळ्यांपुढे प्रथम येथे उभा राहिला असावा, कारण त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

पुढे सहाव्या क्रमांकाचे लेणे एका व्यापाऱ्याचे आहे. वीर नावाच्या गृहपती व्यापाऱ्याने लेणे दिले, त्याची पत्नी नंदश्री हिने एक खोली दिली, कन्या पुरुषदत्ता हिने आणखी एक खोली दिली. राजाच्या लेण्यापुढे हे लेणे लहान आहे, पण त्यात एक अख्खे कुटुंब नांदते आहे. व्यापाऱ्याने पत्नीचे आणि मुलीचे नाव आपल्या नावात विरघळू दिले नाही. प्रत्येकीचे दान तिच्या स्वतःच्या नावे नोंदले. आठवे लेणे मुगुदास नावाच्या कोळ्याने आपल्या परिवारासह दिले, असा अर्थ अभ्यासक लावतात. राजा, व्यापारी आणि कोळी, तिघांचीही नावे एकाच डोंगरावर, एकाच लिपीत आहेत.

दहाव्या लेण्याची ओसरी प्रशस्त आहे. खांबांवर घंटेच्या आकाराची शीर्षे आणि त्यांवर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी आहेत. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, याचे हे दान. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या या लेखाचा आरंभ ‘सिद्धम्’ या मंगलशब्दाने होतो. वहीच्या माथ्यावर ‘श्री’ लिहिणाऱ्या हाताला तो शब्द परका वाटला नाही.

नात वाचू लागली आणि दादाजी मनात आकडे मांडू लागले. उषवदाताने लेणे तर दिलेच, शिवाय तीन हजार कार्षापण नाणी ठेव म्हणून दिली. ही ठेव संघाच्या हाती दिली नाही. ती गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे धंद्याच्या संघांकडे, गुंतवली. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक या दराने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत आणि एक हजाराचे व्याज त्यांच्या इतर निर्वाहासाठी असावे, अशी व्यवस्था होती.

“दोन हजारांवर महिन्याला वीस,” दादाजी म्हणाले. “बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. वीस जणांना बारा-बारा म्हणजेही दोनशे चाळीसच. हिशेब चोख आहे.”

“आणि एक हजाराचे?”

“महिन्याला साडेसात, वर्षाला नव्वद.”

आधी गरज मोजली, गरजेवरून व्याज काढले आणि व्याजावरून मुद्दल ठरवले, हे अनुभवी व्यापाऱ्याच्या तत्काळ ध्यानात आले. दान देणाऱ्याने खिशाला विचारून रक्कम ठरवली नव्हती. वीस माणसांना वस्त्रे मिळायची तर किती ठेव लागेल, असा उलटा हिशेब त्यामागे होता. हा सारा व्यवहार निगमसभेत सर्वांना ऐकवला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला, असेही लेखात म्हटले आहे. निगमसभा म्हणजे व्यापाऱ्यांची, नगरीची सभा. दान गुप्त असावे की प्रकट, हा वाद जुना आहे. येथे मात्र दात्याच्या नावापेक्षा दानाच्या अटी प्रकट केल्या आहेत, म्हणजे उद्या कोणी मुद्दलाला हात लावू गेला तर चार माणसे त्याला अडवू शकतील.

या ठेवीला लेखात ‘अक्षयनीवी’ असे नाव आहे. नीवी म्हणजे मुद्दल, भांडवल. कधीही न सरणारे भांडवल ती अक्षयनीवी. याच लेण्याच्या आवारात पुढच्या काळातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा लेख आहे. त्यात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी अशीच ठेव निरनिराळ्या श्रेणींकडे ठेवली आहे. त्यांत पाण्याची यंत्रे करणारे आहेत, तेलाचे घाणे चालवणारेही आहेत. विणकर, तेली, कारागीर हे त्या काळचे पेढीदार होते आणि त्यांची पत एवढी होती, की राजाचा जावईसुद्धा त्यांच्या शब्दावर पैसा ठेवीत असे.

आणखी एक गोष्ट नातीने सांगितली. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला. त्याने क्षहरात वंश निःशेष केला, असे तिसऱ्या लेण्यातील राजमाता बलश्रीच्या लेखात अभिमानाने सांगितले आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जेत्याने हरलेल्याचे नाणे आपले करून घेतले. परंतु हरलेल्याच्या जावयाने दिलेल्या दानाचा लेख हाकेच्या अंतरावर असूनही त्याने पुसला नाही. चलन बदलते, सत्ता बदलते. दुसऱ्याने केलेल्या दानाला हात लावू नये, एवढी मर्यादा शत्रूनेही पाळली.

अकरावे लेणे लहान आहे. तेथे दादाजींची पावले आपोआप थांबली. आत भगवान ऋषभदेवांची मूर्ती आहे, सिंहावर बसलेली अंबिका आहे. मूळ बौद्ध विहारात पुढील काळी जैन उपासकांनी आपले आराध्य कोरले. दादाजींनी हात जोडून नवकार म्हटला. ‘बौद्धांची लेणी, आपण काय पाहणार’ हा सकाळचा प्रश्न त्यांना आठवला असणार. एकाच डोंगराने दोन श्रमण परंपरांना आसरा दिला होता आणि दोघींचा ठेवा एकाच वाऱ्यापावसात झिजत होता.

झिजण्याचे कारण केवळ वारापाऊस नाही. कित्येक ठिकाणी माणसांनी भिंतींवर नावे कोरली आहेत. त्याच वेळी बाजूच्या ओसरीत एक तरुण किल्लीने खांबावर काही ओरखडत असताना दादाजींना दिसला. ते त्याच्याजवळ गेले आणि रागावले नाहीत.

“बेटा, इथे ज्यांची नावे आहेत त्या प्रत्येकाने काहीतरी दिले आहे. तू काय ठेवतो आहेस?” त्यांनी विचारले.

तरुण ओशाळला, किल्ली खिशात टाकून निघून गेला. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याने अशा कृत्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे त्या तरुणाला ठाऊक नसेल. पण दादाजींच्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी नाही, हे मात्र त्याला त्या क्षणी कळले.

परतीच्या प्रवासात दादाजी खिडकीबाहेर पाहत होते. सटाणा मागे पडले, ताहाराबादच्या बाजूला मांगीतुंगीची दोन शिखरे दिसली, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि सोबत आलेल्या नातीला एक गोष्ट सांगितली. साक्री तालुक्यात निजामपूरजवळ भामेरचा किल्ला आहे. त्या डोंगरात जैन लेणी आहेत, भगवान पार्श्वनाथांच्या मूर्ती आहेत. निजामपूरच्या बाजारात दादाजी चाळीस वर्षे डाळीचा व्यापार करीत आले. डोंगर नेहमी समोर दिसे, पण चढून पाहण्याची सवड एकदाही झाली नाही. नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, हे वचन त्यांनी व्याख्यानांत अनेकदा ऐकले होते. ऐकणे आणि चढून जाणे यांत चाळीस वर्षांचे अंतर पडले होते.

नवापूरला पोहोचल्यावर दादाजींनी दोन्ही मुलांना बसवून घेतले आणि प्रवेशद्वाराचा आराखडा बाजूला ठेवायला सांगितला. मोठ्याला ते लागले.

“पप्पा, मग मम्मीचं नाव कुठे राहणार?”

दादाजी म्हणाले, “तुमच्या आजोबांचं नाव पाणपोईवर आहे. तिथे आज पाणी आहे का?”

कोणी उत्तर दिले नाही. पाणपोई बांधताना बांधकामाचा पैसा दिला गेला, चालवण्याचा विचार झाला नाही. दोष कोणा एकाचा नव्हता, सगळ्या घराचा होता, आणि तो आपल्यापासून सुरू होतो हे दादाजींनी मुलांसमोर मान्य केले. वडीलधाऱ्या माणसाने मुलांपुढे असे काही बोलणे सोपे नसते. घरात काही क्षण शांतता होती.

मग नातीने कागद पुढे ओढला. पाच लाखांपैकी काहीही बांधकामात न घालता संपूर्ण रक्कम ठेवीत ठेवली आणि व्याज वार्षिक सात टक्के धरले, तर वर्षाला पस्तीस हजार मिळतात. नाशिकच्या विणकरांचा बारा टक्क्यांचा दर आज मिळत नाही. शिवाय महागाईने मुद्दलाचे मोल दरवर्षी घटते. म्हणून व्याजाचा चौथा हिस्सा, म्हणजे आठ हजार सातशे पन्नास रुपये, पुन्हा मुद्दलात घालावा. उरलेल्या सव्वीस हजार दोनशे पन्नास रुपयांत पाणपट्टी, टाकीची सफाई आणि नळदुरुस्ती भागते. नळ नव्याने बसवण्याचा पहिला खर्च दोन्ही मुलांनी आपल्या कमाईतून करावा.

“मुद्दलाला हात लावायचा नाही, हे ठीक. पण ते कमी होऊ द्यायचं नाही, हीदेखील अट लिहा,” ती म्हणाली.

धाकट्याने शंका काढली. “त्या विणकरांची श्रेणी आज कुठे आहे? भिक्षू कुठे आहेत? तीही ठेव अक्षय राहिली नाहीच.”

शंका खरी होती. श्रेणी गेल्या, कार्षापण गेले, वर्षावासाचे ते वीस भिक्षूही गेले. पैसा स्वतःहून अक्षय नसतो. एका पिढीने ठेवलेले मुद्दल पुढच्या पिढीने आपले समजून सांभाळले, तरच ते अक्षय राहते. लेण्यांची गोष्ट निराळी नाही. कोरणाऱ्यांनी आपले काम केले, भगवानलालांसारख्या वाचणाऱ्यांनी आपले केले, आज पुरातत्त्व खात्याचे पहारेकरी आपले करतात. पाहायला जाणाऱ्याचा वाटा एवढाच, की हात लावू नये, ओरखडा उठवू नये आणि मुलांना सोबत न्यावे. ज्यांची ऐपत आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १९९६ साली राष्ट्रीय संस्कृती निधी स्थापन केला आहे. स्मारकांच्या जतनासाठी त्यास देणगी देता येते आणि प्राप्तिकरात सवलतही मिळते. हा निधी १८९० च्या धर्मादाय ठेवींच्या कायद्याखाली उभा आहे, म्हणजे त्याची जातकुळी त्रिरश्मीच्या त्या लेखाचीच आहे.

पुण्यतिथीच्या दिवशी पाणपोईच्या तिन्ही नळांना पाणी आले. नवी पाटी लागली नाही. जुनीच धुऊन स्वच्छ केली. वर्षाचा हिशेब पर्युषणात संघासमोर वाचून दाखवायचा, असे ठरले. दिवाळीत भामेरचा डोंगर चढायचा, तोही ठराव झाला. दादाजी पायथ्याशी बसणार आणि नातवंडे वर जाऊन येणार.

वहीपूजनाच्या दिवशी दादाजींनी नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिले. त्याखाली पत्नीचे नाव, रक्कम आणि एक ओळ लिहिली: मुद्दल काढू नये, घटू देऊ नये, व्याज पाण्यासाठी. मग चोपडी मोठ्या मुलापुढे, त्यानंतर धाकट्यापुढे आणि शेवटी नातीपुढे सरकवली. तिघांनीही त्या ओळीखाली सही केली.